बाबांचं उघडं राहिलेलं खातं

लोक लॉगिनमध्ये अडकले की माझ्याकडे येतात. एका वेबसाइटच्या मदतकक्षात माझं तेच काम. दहातल्या आठ जणांना मी एकच उपाय सांगते: कुकी पुसा, पुन्हा लॉगिन करा. बाबा चिडवायचे, की तुला ताप आला तरी डॉक्टरला हेच सांगशील.

आईची नजर अधू. म्हणून शेवटची दोन वर्षं बाबांनी तिच्यासाठी कादंबऱ्या वाचून एका साइटवर रेकॉर्ड करून ठेवल्या. मधेच खोकायचे, मधेच ‘तुझा चहा गार होतोय’ म्हणायचे. ते गेल्यावर आई रोज दुपारी त्यांच्या लॅपटॉपवर थोडं थोडं ऐकायची.

महिन्याभरात मी मोठ्या शहाणपणाने त्यांचं मेलचं खातं कायमचं बंद करून टाकलं. गेलेल्या माणसाची खाती उघडी ठेवू नयेत, हे मला कळतं ना! त्या साइटवर ते मेलच्याच खात्याने शिरायचे, हे मात्र मी तपासलं नाही. तरी साइट चालू राहिली, कारण लॅपटॉपमधल्या एका कुकीच्या, म्हणजे साइटने ओळखीसाठी ठेवलेल्या खुणेच्या, जोरावर बाबा अजून लॉगिन होते.

रविवारी आई म्हणाली, आवाज अडखळतोय, जरा बघतेस का. तिला चष्मा सापडेपर्यंत माझ्या बोटांनी सवयीचं काम उरकलंसुद्धा. कुकी पुसल्या गेल्या. पडद्यावर आलं, मेलच्या खात्याने आत या.

आई शेजारी येऊन बसली. त्यांचा मेलचा पत्ता मला पाठ आहे, म्हणाली, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत तिने तो टाकला. असं खातं नाही, असं उत्तर आलं.

मी फोनवरून साइटवाल्यांना लिहिलं. अर्ध्या तासाने त्यांनी कळवलं, की ज्या मेलने खातं उघडलं त्याच मेलवरून विनंती करा. असली उत्तरं रोज मीच लिहिते. समोरच्याला काय वाटत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आईचं चालूच होतं. “परत टाकते. माझंच एखादं अक्षर चुकत असेल.”

मी तिचा हात धरला. “आई, तुझं काही चुकत नाहीये. ते खातं मीच बंद केलंय.”

तिने हात सोडवून घेतला आणि लॅपटॉप मिटला. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

“चार प्रकरणं राहिली होती,” ती म्हणाली. “मी पुरवून पुरवून ऐकत होते.”