गवंड्याने बांधलेला स्वेटर

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या. भिंतींचं काय ते आपण गोष्टीत बघूच. हातात विणकाम-शिवणकाम असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. देवाच्या दारी रिकाम्या हातांपेक्षा गुंतलेले हात बरे. आज एका गवंड्याची गोष्ट सांगायची आहे. गवंडी गुणाने मोठा, रागाने त्याहून मोठा, आणि देवाची कृपा अशी की बायको या दोन्हींना पुरून उरणारी.

हा माणूस म्हणजे चालताबोलता ओळंबा. त्याने बांधलेल्या भिंतीला दोरीला शिसं लटकवून बघावं, तर केसभर फरक सापडायचा नाही. बरं, ही खोड कामावर ठेवून घरी यावं की नाही? तर नाही. ताट टेबलाच्या कडेशी समांतर हवं. चादर तिरपी पडली तर झोप नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा नवरीकडे न बघता मागच्या खांबाकडे बघतोय. बायको आल्यागेल्याला तो फोटो दाखवायची आणि म्हणायची, "यांचं पहिलं प्रेम खांबावर. मी आपली शेजारी उभी होते म्हणून लग्न झालं."

एके दिवशी परांचीवरून त्याचा पाय घसरला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पण गुडघ्याचा पार चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, "चालाल, फिराल. पण परांची आता विसरा."

परांची विसरा! माशाला सांगावं, बाबा रे, पाणी विसर.

मग खिडकीशी खुर्ची आली, खुर्चीत गवंडी आला, आणि घराची शांतता गेली. समोर कुणाचं तरी नवं घर उभं राहत होतं. हा दिवसभर तिकडे डोळे लावून बसायचा. "बघ, बघ! पोट आलंय त्या भिंतीला."

"भिंतीला आलेलं बरं दिसतं," बायको सुया न थांबवता म्हणायची. "स्वतःला आलेलं दिसत नाही."

हसण्यावारी न्यायची ती, पण तिलाही कळत होतं. आपली जन्माची थापी त्याने कामावरच्या जोडीदाराला देऊन टाकली होती. कधी कधी दोन्ही तळवे समोर धरून बसायचा आणि म्हणायचा, "हे आता टांगा खुंटीला." एवढं म्हणून गप्प व्हायचा. रागावलेला नवरा तिला सांभाळता यायचा. गप्प बसलेला कसा सांभाळायचा ते कुणी शिकवलं नव्हतं.

लेकीला दिवस गेले होते. त्यामुळे घरात लोकरीचे गुंडेच गुंडे. एका दुपारी गवंड्याची नजर समोरच्या भिंतीवरून घसरली ती बायकोच्या विणकामावर. "ही ओळ वाकडी आहे."

"लोकर आहे ती, धुतली की सरळ होईल."

"मुळात वाकडी असेल तर काय सरळ होणार?"

बायकोने सुया त्याच्या मांडीवर ठेवल्या. "घ्या. तुम्ही बांधा सरळ."

"हॅट! हे काय माझं काम आहे?"

"राहू द्या मग. अवघडच आहे तसं."

झालं! पुरुषाला आळशी म्हणा, तापट म्हणा, तो ऐकून घेईल. पण एखादं काम त्याला अवघड आहे असं बायकोने म्हणावं आणि त्याने ऐकून घ्यावं, असा पुरुष अजून देवाने घडवायचा आहे.

त्याने थापी धरावी तशी मुठीत सुई धरली. टाके इतके आवळले की दुसरी सुई आत शिरेना. बायको हसून हसून बेजार. "अहो, किल्ला बांधताय का? बाळाला घालायचंय ते. शत्रू नाही यायचा आत!"

उसवलं, पुन्हा घातलं. पुन्हा उसवलं. आणि उसवता उसवताच गवंड्याला एक गंमत कळली. भिंत चुकली तर हातोडा लागतो, माल वाया जातो, वर मालकाच्या शिव्या. इथे चुकलं की धागा ओढायचा. केलेली चूक मुकाट्याने सुटून पुन्हा गुंड्यात जाऊन बसते, कुरकुर नाही की राग नाही. इतका क्षमाशील माल त्याने जन्मात हाताळला नव्हता. मग मूठ सैल झाली. सुलटा टाका, उलटा टाका, एकावर एक थर चढू लागले. सकाळी बोटभर होतं ते दुपारी वीतभर व्हायचं. काल जगात नव्हतं असं काहीतरी आज आपल्या मांडीवर आहे, आणि त्याला आपल्याच मांडीची ऊब आहे! तो जरा वेळाने त्यावरून उगाच हात फिरवायचा. समोरच्या भिंतीला पोट आलंय की पाठ, याची शुद्धच राहिली नाही. आणि एका दुपारी बायकोला स्वयंपाकघरात ऐकू आलं, की खुर्चीत कुणीतरी देवाचं पद गुणगुणतंय. सूर बेताचाच होता, पण ती पाणी भरायचं सोडून तशीच ऐकत राहिली.

असल्याच एका दिवशी जोडीदार भेटायला आला. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो जिन्यात बोलला तर गच्चीवरची कबुतरं उडायची.

"मिस्त्री! हे काय चाललंय?"

"स्वेटर बांधतोय."

"विणतोय म्हण रे!"

"तुला काय करायचंय? ओळंबा धर जरा." आणि खरंच, विणकाम उंच धरून त्याने कडेशी शिसं लटकवलं. भोंगा एवढा हसला की खाली कुत्रं भुंकलं. गवंडी तापला. "हसतोस? मग ऐक. माझं नातवंड दवाखान्यातून घरी निघेल ते हाच स्वेटर घालून निघेल. नाही निघालं, तर या हातांना परत काम म्हणून सांगू नका कुणी."

"येतोच मी बघायला," भोंगा म्हणाला.

बायकोने ते ऐकलं आणि आपल्या सुया बाजूला ठेवल्या. "मी आता काही विणत नाही. ठेका तुमचा." मग तिने त्याला सोपी रीत सांगितली. एकच लांब पट्टी विणायची. पोटापासून सुरुवात करून वर खांद्यापर्यंत, तिथून तशीच पलीकडे पाठीवर उतरवायची. मधोमध दुमडायची, बाजू शिवायच्या, बाह्यांना जागा सोडायची. "आणि खांद्यापाशी आलात ना, की मधे—"

"कळलं, कळलं. मी जन्मात कधी नकाशा दोनदा विचारला नाही."

"बरं," बायको म्हणाली.

पट्टी वाढत गेली. खांदा आला, खांदा गेला, पाठ उतरली. बाजू शिवून झाल्या. आणि जावयाचा फोन आला : मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत सगळे जमले. बाहेर बोचरं वारं सुटलं होतं. लेक पलंगावर, नात तिच्या कुशीत, जावई कागदपत्रांच्या मागे धावतोय. भोंगा फळं घेऊन हजर. बाळाजवळ हळू बोलायचं म्हणून तो आपल्या मते कुजबुजला, तर शेजारच्या खोलीतून परिचारिका आली. "कोण ओरडतंय इथे?"

गवंड्याने काठी भिंतीला टेकवली आणि कागदात गुंडाळलेला स्वेटर लेकीच्या हातात दिला.

"बाबा! तुम्ही केलात हा? किती एकसारखा आलाय!" तिने तो गालाला लावला. मग उलटा करून पाहिला. मग सुलटा. मग पुन्हा उलटा. "बाबा... पण डोकं कुठून घालायचं?"

गवंड्याने स्वेटर घेतला. खाली कमरेला जागा होती. दोन्हीकडे हातांना जागा होती. आणि वर खांद्यापासून खांद्यापर्यंत अखंड, सरळ, मजबूत विणकाम. कुठे फट म्हणून नाही.

भोंग्याने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण हसू बोटांमधून निसटलंच. "मिस्त्री! जन्मभर लोकांच्या घरांना दारं ठेवलीस, आणि नातीच्या घराला...!"

"शू!" परिचारिका दारातून म्हणाली.

एरवी गवंडी उसळला असता. आज नाही उसळला. बाकावर बसला, स्वेटर मांडीवर ठेवला आणि तळवे समोर धरले. "टांगा खुंटीला," तो इतकंच म्हणाला. भोंग्याचं हसू तिथल्या तिथे विझलं.

बायकोने पिशवी उघडली. पिशवीतून सुया निघाल्या. लोकरीचा उरलेला गुंडा निघाला. कात्री, जाड सुई आणि दोरा निघाला. "पाठ उसवा आणि गळा ठेवून पुन्हा विणा," ती म्हणाली.

"अख्खी पाठ? पोर आज घरी निघालीये."

"मग दुसरं काय? मधेच कापलं तर टाके सुटत जातील, सगळं हातात येईल."

गवंड्याने स्वेटरची घडी बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपली. मग मान वर न करता, कामावरच्या जुन्या आवाजात त्याने विचारलं, "भोंग्या, उभ्या भिंतीत नवं दार काढायचं तर आधी काय करतात?"

"आधी वर आधार घालायचा, मिस्त्री. मग खालचं फोडायचं." भोंगा सवयीने ताठ उभा राहिला होता.

"आधार घातल्यावर वरची वीट पडते का?"

"कशाला पडेल?"

"तर मग!" तो बायकोकडे वळला. "तुझी नजर चांगली आहे. सुईत दोरा ओव."

गळ्याच्या जागी, घडीच्या अलीकडच्या ओळीतून त्याने दोरा नेला. एकेक टाका मोजूनमापून दोऱ्यावर घेतला. तसाच दुसरा दोरा पलीकडच्या ओळीतून. मधे एक ओळ राहिली. मग त्याने कात्री मागितली.

"बाबा, नको ना!" लेक म्हणाली. भोंग्याने तर डोळेच मिटले.

कच्‌.

मधला धागा त्याने हळूहळू, टाक्याटाक्याने बाहेर ओढला. फट उघडली. वरचे टाके वरच्या दोऱ्यावर, खालचे खालच्या दोऱ्यावर, शाळेतली मुलं हात धरून उभी राहावीत तसे उभे. एकही सुटला नाही. बायको वाकून बघतच राहिली. एवढं आयुष्य लोकरीत गेलं, पण ही युक्ती तिच्या स्वप्नात आली नव्हती. गवंड्याने टाके सुयांवर घेतले आणि गळ्याला काठ विणायला बसला. नात दूध पिऊन एक डुलकी काढेपर्यंत काठ होत आला.

"सैल," बायको म्हणाली. "सैल हात ठेवा."

"ठाऊक आहे. शत्रू नाही यायचा."

मग लेकीने स्वेटर बाळाच्या डोक्यावरून घातला. क्षणभर नुसतीच लोकर वळवळली. मग उभ्या केसांचं, लालबुंद, वैतागलेलं डोकं बाहेर आलं, त्याने सगळ्यांकडे बघितलं, जांभई दिली, आणि नव्याकोऱ्या काठावर दूध ओकलं.

"झालं उद्घाटन!" भोंगा गरजला. आणि या वेळी परिचारिकाही हसली.

गळा मात्र एका बाजूला किंचित कलला होता. गवंड्याचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

"वाकडा आहे गं."

"तिची मान तरी अजून कुठे सरळ राहते?"

सगळे खाली उतरले. लेक, जावई आणि लोकरीतली नात पुढे गेली. गवंडी काठी टेकत मागे, शेजारी बायको. थोडं चालल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी लखकन पेटलं. "काय गं, पिशवीत सुया कशाला आणल्या होत्यास?"

बायकोने पदराशी चाळा केला. "तुम्ही खांदा ओलांडलात ना, तेव्हाच दिसलं होतं मला."

"आणि तोंडातून चकार शब्द नाही?"

"तुम्ही गुणगुणत होता. पडल्यानंतर कुठे आता सूर लागत होता. म्हटलं, चुकला थर तर चुकू दे. पद तरी पुरं होऊ दे."

गवंड्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या झालेल्या हाताने बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. मग मागे वळून ओरडला, "भोंग्या, उद्या घरी ये! तुझ्या डोक्याचं माप घ्यायचंय. टोपी करतो तुला."

"येतो की," भोंगा म्हणाला, "पण मिस्त्री, टोपीला वरून दार ठेवू नकोस म्हणजे झालं!"

तर लेकरांनो, थंडीत कुणाच्या गळ्याशी जरासं कललेलं विणकाम दिसलं तर खुशाल हसा. गवंड्याची आठवण तुम्ही काढायला नको. तो जाईल तिथे स्वतःच तो किस्सा सांगत सुटतो, आणि दर वेळी कात्री थोडी मोठी होते. आठवण ठेवा ती त्याच्या बायकोची. तिला चूक दिसली होती आणि तरी ती बोलली नाही, पण निघताना पिशवीत सुया घालायला विसरली नाही. तिची एवढी आठवण ठेवा.