तळाच्या सात फळ्या

"थोरला मोजून कापतो. धाकट्याला लाकूडच सांगतं, कुठं कापायचं ते."

बाबा हे कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते, तेव्हा थोरला चौदा वर्षांचा होता आणि भुशाच्या ढिगामागे बसून खिळे वेचत होता. ते गिऱ्हाईक गेलं, बाबा गेले, सहा वर्षांपूर्वी धाकटाही गेला. वाक्य तेवढं राहिलं. करवत लाकडात शिरली की अजून तेच वाजायचं.

"मिस्त्री, झोप लागली की काय खाली?"

थोरला होडीच्या पोटाखाली उताणा पडला होता, हातात बॅटरी. बाहेर उपड्या बादलीवर सिस्टर बसल्या होत्या. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, निवृत्त झाल्या आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी ही शिडाची जुनी होडी विकत घेतली. सगळे म्हणाले, म्हातारपणी खूळ लागलं. त्या म्हणाल्या, उशिरा लागलं एवढंच. आता राहिलेले पैसे होडीत कुठं आणि किती घालायचे, ते मिस्त्री सांगणार होता.

मिस्त्रीचा उजेड तिसऱ्या फळीवर अडकला होता.

लाकूड तासताना तासणीच्या खुणा पडतात. वाऱ्याने गवत झुकावं तशा त्या एका अंगाला झुकतात. या खुणा दुसऱ्याच अंगाला झुकल्या होत्या. अशा खुणा करणारा डावखुरा हात त्याने जन्मात एकच पाहिला होता. त्या हाताशेजारी तो झोपला होता, त्या हाताबरोबर एका ताटात जेवला होता.

वीस वर्षांपूर्वी धाकटा स्वतः येऊन दारात उभा राहिला होता. "दादा, एकदा बघून जा ना होडी. पाण्यात सोडायच्या आधी."

"वेळ नाही," हा म्हणाला होता. त्या दिवशी दिवसभर त्याने धार असलेल्या पटाशीलाच धार लावली.

त्याने लाकडी हातोडीने पहिल्या फळीवर टकटक केलं. टण्ण. नवं मडकं वाजावं तशी. दुसरी, तिसरी, सातही तशाच. त्याने स्वतः बांधलेल्या होडीचा तळ आठ वर्षांत परत उघडावा लागला होता. मग लोक धाकट्याकडे वळले, आणि ह्याच्याकडे दारं-खिडक्या आल्या. दारं-खिडक्यांना कुणी बघायला येत नाही.

"काय म्हणतेय माझी होडी?"

"तळ गेलाय, सिस्टर." शब्द आधी बाहेर पडले, विचार मागून धापा टाकत आला. "सातही फळ्या बदलाव्या लागतील."

"अगंबाई! आणि शीड?"

"शिडाच्या चिंध्या झाल्यात. पण आधी तळ. तळच नसेल तर शीड काय दोरीवर वाळत घालायचंय?"

सिस्टर हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "अर्ध्याच्या वर तळातच जातील. मग शीड पुढच्या वर्षी." गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. "या दोघांनी तोवर साथ दिली तर. उद्या सकाळी पैसे घेऊन येते."

तीन महिन्यांचं काम मिळालं होतं. पण त्याचा आनंद कामाचा नव्हता. त्या सात फळ्या आपल्या हाताने उपसायच्या, तिथं आपल्या बसवायच्या, आणि मग कुणी कितीही बॅटरी मारो, एकही उलटी खूण दिसायची नाही. या विचाराने त्याला गोड वाटलं, आणि गोड वाटलं म्हणून तोंड कडू झालं.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "भाऊजींची होडी आलीय म्हणे शेडमध्ये. निळ्या काठाची."

"आलीय. तळ गेलाय तिचा."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. "भाऊजींनी बांधलेला तळ?"

"पाणी कुणाचं नातं बघतं होय?"

"पाणी नाही हो बघत. माणसं बघतात." तिने भांडं खाली ठेवलं. "ती पाण्यात सोडली तेव्हा मी गेले होते धक्क्यावर. तुम्हाला बोलले नव्हते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि भाऊजी एकटे रस्त्याकडे बघत उभे. होडीकडे पाठ करून."

तो घास बराच वेळ चावत राहिला.

सकाळी सिस्टर आल्या तेव्हा मिस्त्री पहिल्या फळीच्या सांध्यात पटाशी टेकवून बसला होता. हातोडी उचललेली, पण मारलेली नव्हती. असा तो किती वेळ बसला होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आई कामात गुणगुणायची ते आज कुठून तरी आठवत होतं:

दोन हात मला दिले, एक उजवा एक डावा,
एकानं धरावी फळी, दुजानं टोला द्यावा.

लहानपणी दोघे एकाच फळीवर शेजारी उभे राहून काम करायचे. एकाचा उजवा, एकाचा डावा. हाताला हात कधी लागला नाही.

"थांबा हो मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या. "एवढे पैसे घालतेय, तर गेलेलं कसं वाजतं ते मलाही ऐकू द्या."

त्यांनी त्याच्या हातातली हातोडी घेतली. वाकून फळीवर टकटक केलं, कान लावला. दुसऱ्या फळीवर केलं. मग पलीकडे आडव्या ठेवलेल्या डोलकाठीपाशी गेल्या आणि तिच्या काळवंडलेल्या बुंध्यावर मारलं. ठप्प. परत तळाशी आल्या. टण्ण.

"डॉक्टर लोक पेशंटच्या पाठीवर बोटांनी अशीच टकटक करायचे. चौतीस वर्षं मी शेजारी उभी होते. लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण आजारी जागा अशी बोलत नाही हो."

आवाजात राग नव्हता. त्यांनी बादली ओढून घेतली, त्याच्या समोर बसल्या आणि आजवर हजारोंना विचारलं असेल तसं विचारलं, "नक्की कुठं दुखतंय, मिस्त्री?"

आतून किडलंय, वरून कळत नाही, हे उत्तर तयार होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलंही. त्याने पटाशी खाली ठेवली.

"तळाला काही झालेलं नाही. एक छदाम घालू नका त्यात. डोलकाठीचा बुंधा कुजलाय, तो मी नवा जोडून देतो, चार दिवसांचं काम. बाकी सगळे शिडात घाला. कापड चांगलं घ्या, कंजुषी नको. या तळावर भारी शीडच शोभेल."

"मग काल तसं का सांगितलंत?"

"तळ माझ्या धाकट्या भावाचा आहे." तो थांबला. "बघायला बोलावलं होतं त्यानं. मी गेलो नाही. काय विचारणार ते ठाऊक होतं मला. 'कशी झालीय दादा?' एवढंच विचारलं असतं."

त्याने उजवा हात तासणीच्या खुणांवर ठेवला. बोटं आडवी जात होती. मग त्याने डावा ठेवला. खुणा बोटांखाली सरळ आल्या, जणू जागा राखून ठेवली होती.

"गेला असतात, तर काय सांगितलं असतंत?" सिस्टरनी विचारलं.

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो फळीकडे तोंड करून बसला होता, आणि बोलला तेही तिकडेच.

"माझ्याच्यानं झाली नसती रे, अशी."