सदतीस प्रश्नचिन्हं

१९७४ साली सोलापूरच्या एका कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी रेकॉर्ड रूमला शिस्त लावली. तोवर ती बेशिस्तपणे, पण नीट चालली होती.

जुने रेकॉर्डकीपर चनबसप्पा यांची रीत साधी. अर्जदार ज्या लिपीत सही करी, त्याच लिपीत फायलीवर त्याचं नाव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू. माणूस यायचा, आपल्या नावावर बोट ठेवायचा, फाईल मिळायची. चनबसप्पा निवृत्त झाले आणि साहेबांनी हुकूम काढला. सगळी नावं मराठी टाइपरायटरवर घ्यावीत. वाचता येणार नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकावं. एकाच नावाच्या अनेक फायली निघाल्यास एक ठेवून बाकी रद्दीत.

मोडनिंबचा कारकून महिपती हुकमाचा पक्का. त्यानं जुन्या चिठ्ठ्या खरवडल्या, सदतीस फायलींना ‘?’ हे नाव दिलं, एक कपाटात ठेवली आणि छत्तीस पोत्यात भरल्या.

त्याच दुपारी गुरम्मा आली. रस्ता रुंद होणार होता. घराचा परवाना पाचपर्यंत दाखवला नाही, तर सकाळी पुढची भिंत पडणार होती.

“अक्का, यादीत नाव न्हाय तुमचं.”

“न्हाय कसं? बावीस वर्सं हितंच हुतं की! माज्यासमोर लिवलं चनबसप्पांनी.”

“‘?’ची चिठ्ठी लावली त्येच्यावर. वाचता येत नव्हतं.”

“कुनाला?”

“मला. सायबास्नी.”

“मग ती चिठ्ठी तुमच्या कपाळावर डकवा की! माज्या घरावर का?”

साहेब बाहेर आले. “निरक्षर माणसांनी कचेरीत आवाज चढवू नये.”

“निरक्षर?” गुरम्मानं पोतं उपडं केलं. एकेक फाईल उघडून आतलं कानडी ती घडाघडा वाचू लागली. “ही ईरम्माची, हिरीच्या परवान्याची. ही बिरप्पाची, गोठ्याचा नकाशा. जित्या मानसांची घरं पोत्यात घालता व्हय रे?” अकरावी फाईल तिची निघाली. तिनं ती काखेत मारली.

“बाकीचं पोत्यात भरा!” साहेब कडाडले. “माझा हुकूम आहे!”

गुरम्मानं टेबलावरचा हुकूम उचलला. खाली सही होती : एक वेटोळं, त्याला शेपूट.

“महिपती तम्मा, धाकटा भाऊ म्हनून इचारते, हितं नाव काय लिवलंय? वाच.”

महिपतीनं चष्मा लावला. पुसला. पुन्हा लावला. चार महिने तो याच सहीखाली राबत होता.

“न्हाय येत, अक्का.”

“मग?”

हुकूम तो हुकूम. महिपतीनं डिंक लावून ‘?’ची चिठ्ठी सहीवर चिकटवली. त्या नावाची फाईल कपाटात आधीच होती, म्हणून कागद रिकाम्या पोत्यात टाकला.

“भिंत वाचवून येते,” गुरम्मा म्हणाली. “उद्या तेलुगू आन् उर्दू वाचनारी मानसं घिऊन बसते हितं. तवर एक जरी फाईल हलली, तर...”

वाक्य पुरं करायला ती थांबली नाही. चार वाजून गेले होते.