एकदाच हात घालायचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावरची फुलं पुसट झाली आहेत आणि कडांना गंज चढला आहे. मी पत्र्याचा एक जुना डबा. कारखान्यातून निघालो तो बिस्किटं घेऊन. ती संपल्यावर एका घरात शिवणाची बटणं सांभाळू लागलो. त्या घरची मुलगी डॉक्टर झाली, गल्लीच्या तोंडाशी तिने दवाखाना काढला आणि मला बटणांसकट टेबलावर आणून ठेवलं.

डॉक्टरबाईंना एक प्रश्न छळत होता. लहान मुलांचा कान ठणकला की अँटिबायोटिक लगेच द्यावं, की दुखणं कमी करणारं औषध देऊन दोन दिवस वाट पाहावी? मोठ्या इस्पितळातले लोक म्हणाले, "संशोधन आमच्यावर सोडा, तुम्ही सर्दी-खोकला बघा." पण कान धरून रडणारी मुलं तर बाईंकडेच यायची. खेटे घालून घालून बाईंनी त्यांच्याकडूनच या अभ्यासाची परवानगी मिळवली. कोणाला काय द्यायचं ते बाईंच्या मनाने नाही, माझ्यातल्या लाल-पांढऱ्या बटणांनी चिठ्ठीसारखं ठरवायचं, म्हणजे तुलना खरी होईल. आईवडील तयार असतील तर बाईंनी माझ्यात न बघता हात घालायचा. लाल बटण निघालं तर अँटिबायोटिक आजच, पांढरं निघालं तर थांबायचं.

बरेच जण "आमच्या पोरावर प्रयोग नको" म्हणत उठून जायचे. त्यात कंपाउंडरकाका दारातून डोकावायचे, "बाई, रांग जिन्यापर्यंत गेलीय. बटणं उद्या शिवा."

एका दुपारी शेजारच्या इमारतीतली तरुण आई आली. खांद्यावर तापलेली लेक. सगळं ऐकून ती तयार झाली. बटण पांढरं निघालं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, पुन्हा एकदा हात घाला ना. जन्मल्यापासून तुम्हीच बघताय हिला."

बाईंचा हात परत माझ्यात आला. घामेजलेली बोटं तळाशी चाचपडत राहिली. चुकून लाल निघालं असतं, तर कोणाला कळणार होतं?

हात बाहेर आला, रिकामा.

"आज हिच्यासाठी बदललं, तर उद्या दुसरीसाठी बदलेन. इथली सगळीच पोरं माझ्या ओळखीची. मग मिळेल ते उत्तर खोटं असेल. तुला नको असेल तर आत्ता यातून बाहेर पड, औषध लिहून देते, मला राग नाही. थांबलीस तर संध्याकाळी मी घरी येते."

"तुमची लेक असती तर?"

"थांबले असते. आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसता."

"या मग संध्याकाळी. पण ताप वाढला तर मी थांबणार नाही."

"थांबूही नकोस."

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्याच्या वेळेआधीच आल्या आणि माझ्या झाकणावर तळहात टेकून बसल्या. तळहात गार पडला होता. जिन्यावर पावलं वाजली. आईचे डोळे सुजलेले, लेक मात्र स्वतःच्या पायांनी चालत आलेली. ऐकू येतंय का ते बघायला आई मागून वाकून तिच्या दुखऱ्या कानापाशी पुटपुटली, "डब्यात काय असेल गं?"

"बिस्किटं," लेक वळून म्हणाली.

झाकणावरचा हात सैल पडला. "एकीवरून काही ठरत नाही हं," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज ओला होता.

उत्तर अजून मिळालेलं नाही. काका मात्र आता रांगेला बजावतात, "जरा थांबा, बाईंचा हात डब्यात आहे."

मित्रांनो, तुमच्या डॉक्टरांनी कधी "मला नक्की ठाऊक नाही, शोधूया का?" असं विचारलं, तर घाबरून उठू नका. नको असेल तर खुशाल नाही म्हणा. पण हो म्हणालात, तर माझ्यात दुसऱ्यांदा हात घालायला लावू नका. माझ्या बाईंना तो रिकामा बाहेर काढणं फार जड जातं.