मासे न आलेल्या दिवसाची टेप

थोरलीचं काम एका वाक्यात सांगायचं तर माणसं कापायची आणि मासे ठेवायचे. बाबा होडीतून पाण्यात माइक सोडून किलर व्हेलचे, म्हणजे घरच्या भाषेत 'माशांचे', आवाज टिपत, आणि ती संशोधन केंद्रात बसून ते साफ करी. इंजिनाची घरघर काढायची, सुरुवातीला बाबा तारीख-वेळ बोलत तेही काढायचं, मग मूळ टेप पुसून पुन्हा वापरायला द्यायची. कामाला बाई मोठी काटेकोर. "माझ्या हातून साधा खोकलासुद्धा सुटत नाही," असं चारचौघांत मिरवायची. बाबाही हसून म्हणायचे, "पोरीने बापाला मुळासकट उपटलं की!"

बाबा गेले आणि चौथ्या महिन्यात आई म्हणाली, "तुझ्याकडे त्यांच्या ढीगभर टेपा आहेत ना? एकदा आवाज ऐकव गं. हल्ली आठवायला जाते, तर येतच नाही."

झालं! एकोणीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज. मासे सगळे जागच्या जागी, आयांनी पिल्लांना मारलेल्या हाकासुद्धा. बाप मात्र औषधालाही नाही. हे आईला सांगणार कोणत्या तोंडाने? पंधरा दिवस "आणते, आणते" म्हणत तिने वेळ मारून नेली आणि केंद्रातलं एकेक कपाट पालथं घातलं. शेवटी 'पुसायच्या' असं लिहिलेल्या खोक्यात एक टेप मिळाली, मासे न आलेल्या दिवसाची. ज्यात मासेच नाहीत, ती साफ करण्याच्या फंदात कोण पडतंय?

दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र मांडलं. तारीख, वेळ. मग बराच वेळ नुसतं पाणी. आई हातातली भाजी तशीच धरून बसली होती. आणि मग बाबा, बोलायचा माइक बंद करायला विसरलेले, स्वतःशीच पुटपुटत:

"आज काही येत नाहीत लेकाचे. निघावं आता. फार उशीर झाला, घरी ही फणफणत असेल."

थोरलीला रडू आवरेना. "बाकीच्या टेपांतले बाबा मीच कापले, आई. सगळे. माझ्या या हातांनी."

"गप बस. ऐकू दे."

टेप संपली. आई खुर्ची ओढून यंत्राजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "नाही हो फणफणत. कितीही उशीर होऊ दे, तुम्ही या."