पायडलवरची पावलं

अकरा हजार चारशे सहा.

केसांचं निळं रबर, दोन वेढे घेतलेलं.

"दम लागला की बसायचं. दोन हजार पावलं पुष्कळ झाली, तीही रमतगमत." डॉक्टर, फोनवर.

टक्. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पडलेलं शर्टाचं बटण.

पान पाच, डावा कोपरा: टाळेबंदीतही विद्यार्थी रोज चालतात दहा हजार पावले, हृदय ठणठणीत, अभ्यासाचा निष्कर्ष.

टक्.

बाबा चालतायत. खिडकीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत त्यांची बारा पावलं होतात. आठ खेपांची शहाण्णव, वर चार जागच्या जागी, मग एक बटण. बटणं आईच्या शिलाईच्या डब्यातली, ती हल्ली दवाखान्यासाठी मास्क शिवते. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या नळीत स्टेंटची स्प्रिंग बसवली. गेल्या मंगळवारी पान पाच आलं. तेव्हापासून वीस बटणांची तीस झाली, तिसाची पन्नास.

मी पलंगावर. लेक्चर पलंगावर, जेवण पलंगावर, अकराला उठणं, उठून पुन्हा पलंगावरच. कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि कानात ते टक्.

"बाबा, बसा आता."

"चोपन्न झाली. तुझी किती?"

"माझं सोडा."

"का सोडू? काल अकरा हजार चारशे सहा. पलंगावरून हलताना दिसत नाहीस, पण आकडा बोलतो."

आकडा बोलतो, ते खरंच. खेळाच्या सरांचा नियम होता: रोज संध्याकाळी सहाच्या आत आठ हजार पावलांचा स्क्रीनशॉट, नाहीतर मार्क नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी मोबाईल आईच्या शिलाई मशीनच्या पायडलला बांधला, त्या निळ्या रबरानं. आईचा पाय हलायचा, माझा आकडा चढायचा. आई एवढंच म्हणाली, "कॉलेजला माझेच पाय हवेत तर घे बाई. फक्त दोऱ्यात अडकवू नकोस."

माझी मैत्रीण पेंगुळ, जी ऑनलाइन वर्गात घोरताना सापडली होती, तिनं भाचीच्या पाळण्याला बांधला. तिची चौदा हजार व्हायची. बाकीच्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. मग सरांनी फॉर्म पाठवला. झोप शांत लागते का? ताजंतवानं वाटतं का? मी सगळीकडे 'हो' केलं, जेवता जेवता, डाव्या हातानं. आम्ही अठ्ठेचाळीस जण. त्याचा झाला अभ्यास, अभ्यासाची झाली बातमी, आणि बातमी आमच्या दारात येऊन पडली.

"पेपरात काहीही छापतात, बाबा."

हे मी बोलायला नको होतं. बाबा एकतीस वर्षं वर्तमानपत्रात प्रूफरीडर होते.

"काहीही?" ते पिंपाशी थांबले. "तीन-तीनदा वाचून सोडायचो आम्ही. आणि अभ्यास कुणाचा? तुमच्याच कॉलेजचा. त्यातलीच तू. तू खोटी का?"

मी म्हणाले, "नेटवर्क गेलं," आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

आईनं मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा सुरू केलं, पण शिवण वाकडी गेली. ती उसवत बसली.

साठ. एकसष्ट. बासष्टला टक् आलं नाही.

मी वळून पाहिलं. बाबा पिंपाला टेकून जमिनीवर बसले होते. ओठ काळपट, कपाळ ओलं, बटण मुठीत.

"काही नाही," ते म्हणाले. "पाय घसरला."

पाय घसरलेला माणूस छाती धरत नाही.

आईनं त्यांना पाणी दिलं, पाठीशी उशी लावली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी विचारली, ती दिली. पाच मिनिटं फोन चालूच ठेवला. धाप कमी झाली तसे डॉक्टर म्हणाले, "हे खूळ कुणी भरवलं?"

बाबा म्हणाले, "छापून आलंय." आणि माझ्याकडे बघत, "उद्या सकाळी पुन्हा बघू."

मग मात्र मला बसवेना. मी मोबाईल घेतला, रबर घेतलं, मशीनखाली वाकले.

"आई, एक मास्क शिव."

"आत्ता?"

"शिव गं."

आईनं शिवला. दोन घड्या, चार कडा, दोन नाड्या. मी मोबाईल सोडवून बाबांपुढे धरला. आकड्यात दोनशे अठरा पावलांची भर पडली होती.

ते बघत राहिले.

"रोज?"

"रोज."

"आणि बाकीची पोरं?"

"पेंगुळचा पाळण्याला."

त्यांना हसू आलं, मग ठसका. आई म्हणाली, "हसू नका हो, आत्ता कुठे रंग आलाय."

"तुला माहीत होतं?"

"पाय माझेच ना."

मग बाबांनी पान पाच मागवलं, चष्मा लावला, बातमी पुन्हा वाचली, बोट फिरवत. "एक चूक नाही," ते म्हणाले. "आम्ही वेलांट्या बघायचो गं. खरं-खोटं वरच्या मजल्यावर, संपादकांकडे. तिथे बघत असतील, असं आम्ही धरून चालायचो." थोड्या वेळानं म्हणाले, "वही आण. सरांना एक पत्र, पेपरला एक. तू लिही, मी तपासतो."

"माझे मार्क जातील."

"जातील."

मी लिहिलं. त्यांनी माझ्या सहा चुका काढल्या आणि 'क्षमस्व' खोडून तिथे 'मी खोटं सांगितलं' असं लिहायला लावलं.

मार्क गेले. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं: अभ्यासाचा निष्कर्ष आता पुढे पाठवला आहे, बदलता येणार नाही. पेपरातून काहीच आलं नाही. बाबा रोज दारातून अंक उचलतात, पान पाच आधी बघतात.

आता पाच बटणं. डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीत. बाबा पुढे, मी मागे, मोबाईल पलंगावर. पिंपाशी वळताना ते माझी वाट बघतात, कारण मला दम लागतो.

रबर सापडण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, मी मोबाईल खिशात ठेवून खरंच चालले होते. सहाशे बारा पावलं भरली होती.