तीन चौकटींची केसाळ कड

"काका, हा तंतू आहे की लोखंड?" मॅडम खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारत होत्या. संशोधन करणारी माणसं एरवी इतकी आनंदी नसतात, म्हणून काका दचकले.

सोड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेले पानांचे तंतू साध्या तंतूंपेक्षा बळकट होतात, हे सिद्ध करण्यात मॅडमची तीन वर्षं गेली होती. निबंध आज पाचच्या आत पाठवायचा होता. लॅब असिस्टंट काकांचं काम त्यामानाने सोपं. कागदाच्या चौकटीत एक तंतू ताणून चिकटवायचा, चौकट यंत्राच्या जबड्यात धरायची, कागदाच्या दोन्ही कडा कात्रीने कापायच्या, म्हणजे ओढ फक्त तंतूला बसते. मग तो तुटेपर्यंत बघत राहायचं. घरी कप फुटला की बोलणी बसत. इथे बावीस वर्षं तोडण्याचाच पगार मिळत होता.

आज सोड्यात भिजवलेल्या तिसातले तीन तंतू इतरांच्या चौपट ओढ सोसून गेले होते. काका तुटलेल्या चौकटी घेऊन भिंगाखाली बसले. कात्रीने कापलेली कड सरळ असते, फाटलेली केसाळ. तीन चौकटींची एकेक कड केसाळ होती.

"मॅडम, तंतू लोखंड नाही. कागद चांगल्या प्रतीचा आहे."

"म्हणजे?"

"कड कापायची राहिली. तीन वेळा आपण कागदाचीच ताकद मोजली."

मॅडमच्या उड्या थांबल्या. "हे उद्या सांगितलं असतंत तर?"

"उद्यापर्यंत पोटात राहिलं नसतं."

मॅडमनी ते तीन आकडे काढून टाकले, संगणकावर हिशोब पुन्हा लावला आणि डोळे मिटून घेतले. "तुम्हीच वाचा."

"सरासरी घसरली," काकांनी वाचलं. मॅडम कण्हल्या. "पण आकडे एकमेकांच्या जवळ आले. फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता मघाशी शंभरात एक होती. आता हजारात एक."

"म्हणजे फरक कमी झाला, पण पक्का झाला? अहो काका!" मॅडमनी त्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. यंत्राने इतकं कधी कुणाला ओढलं नसेल.

मग त्या टाइप करू लागल्या : 'तांत्रिक कारणामुळे तीन नमुने वगळले.'

"हे तांत्रिक कारण म्हणजे मीच ना? मग सरळ लिहा, असिस्टंट कड कापायला विसरला."

"काका, तुमचं नाव खराब होईल."

"बावीस वर्षांत कुठल्या निबंधात मी आहे? खराब व्हायला आधी यायला तर हवं."

पाचला सात मिनिटं असताना निबंध गेला.

तीन महिन्यांनी तो छापून आला. घरी बायकोने चष्मा लावून ती ओळ शोधली. "छापून आलात एकदाचे! तेही विसरलात म्हणून!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने बहिणीला फोन लावला. "अगं, आमच्या ह्यांच्यावर लिहून आलंय. ऐक हं." आणि ती एकेक शब्द सुटा करून वाचू लागली.

आतल्या खोलीत काकांनी उठून पंखा बंद केला. त्याचा फार आवाज होत होता.